म्युझियमच्या दारातली तपासणी

हैदराबादचं ते मोठं म्युझियम आमच्या घरात आप्पांच्या तोंडून आलं. सोलापूरच्या पेठेत आमचं भुसाराचं दुकान. तूर आणि ज्वारीच्या व्यवहारासाठी वडील, म्हणजे आप्पा, तरुणपणी हैदराबादला जाऊन-येऊन असायचे. एकदा गाडीला वेळ होता म्हणून ते तिथं शिरले आणि पुढं आयुष्यभर त्यांनी ते म्युझियम आम्हाला जेवताना वाढलं. हस्तिदंताच्या खुर्च्या, तोंडावरून ओढणी घेतलेली संगमरवरी बाई आणि सगळ्यात शेवटी ते घड्याळ. त्यातून म्हणे तासाला एक बोटभर माणूस बाहेर येतो, टोल देतो आणि परत आत जाऊन दार लावून घेतो. हे सांगताना आप्पा स्वतः पाटावरून अर्धे उठायचे आणि ताटावर वाटी वाजवायचे. अव्वा, म्हणजे आई, दर वेळी म्हणायची, आमाला कधी दाखवणार? आणि आप्पा म्हणायचे, तूर चांगली जाऊ दे.

तूर बऱ्याचदा चांगली गेली. अव्वाचं जाणं राहिलं ते राहिलंच.

पुढचं समजायला आमच्यातली एक रीत सांगायला हवी. आम्ही लिंगायत. लहानपणी लिंग बांधतात ते माणसाच्या अंगावर मरेपर्यंत राहतं. चांदीच्या डबीत असतं, तिला आमच्याकडं करडगी म्हणतात, आणि ती दोऱ्यात ओवून गळ्यात घालायची. सकाळी अंघोळ झाली की लिंग डाव्या तळव्यावर घ्यायचं, पाणी घालायचं, विभूती लावायची, बेल वाहायचा, मग अन्न. माणूस गेला की आम्ही जाळत नाही. बसवून, त्याच्या तळव्यावर त्याचंच लिंग ठेवून माती देतो. ज्याचं त्याच्याबरोबर जातं, मागं राहत नाही. हे वाचून मी मोठा भाविक वाटेन. तसं काही नाही. माझं लिंग मी पुण्याला नोकरीला लागल्यापासून देवघरात आहे. सणाला घालतो, संध्याकाळी काढतो.

आप्पा कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. त्यांना दवाखान्यात नेणं, बाहेर उभं राहणं, औषधांसाठी पळणं, हे सगळं अण्णानं, माझ्या मोठ्या भावानं, एकट्यानं केलं. अव्वा घरात तापानं पडलेली, वैनी तिच्यापाशी. मी पुण्यात, बँकेत. मला येता आलं असतं. रस्ते बंद होते असं मी सगळ्यांना सांगायचो आणि सगळे मान हलवायचे, पण माझ्याच बिल्डिंगमधले लोक गाड्या काढून गावाकडं जाऊन आले होते. मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही. मी फोनवर म्हणालो, तू हाईस की तितं. अण्णा म्हणाला, मी हाय, तू नको येऊ. त्याचं ते 'नको येऊ' मी दोन्ही हातांनी झेललं.

नंतर त्याचा फोन आला तेव्हा तो एवढंच बोलला की माती दिली, लिंग हातात ठेवलं, विधीला स्वामी मिळाले न्हाईत पण बाकी सगळं रीतीनं झालं. मी फोन ठेवून रडलो. त्यातलं निम्मं रडणं सुटल्याचं होतं.

सगळं मोकळं झाल्यावर मी बदली मागून सोलापूरला आलो. अव्वाला माझ्याकडं, विजापूर रोडच्या फ्लॅटवर, घेऊन आलो. अण्णाचं घर पेठेतच, दुकानाच्या मागं. अव्वाला तिथली सवय होती, पण मी हट्ट धरला. मला काहीतरी करायचं होतं. आणि दर अमावस्येला सकाळी मी तिला स्कूटरवर बसवून आमच्या लोकांच्या स्मशानभूमीत नेऊ लागलो. अण्णानं दाखवलेली आप्पांची माती भिंतीकडेला होती. त्या दिवसांतल्या बऱ्याच मातीवर दगड नव्हता, नाव नव्हतं, तशीच ही. अव्वा तिथं बसायची, हातानं गवत उपटायची, तांब्यातलं पाणी घालायची, बेल वाहायची आणि आप्पांना घरातलं सांगायची. नातीला मार्क किती पडले, बोअरला पाणी आहे का, वैनीचं गुडघं. मी जरा लांब उभा राहायचो. तिथून परत येताना मला जे वाटायचं ते दुसरं कशानं वाटलं नाही. माझी बायको एकदा चहा गाळता गाळता म्हणाली, "तुमचं बरं हाय. अमावस्येला जाता आणि सगळं फेडून येता." मला राग आला, कारण ते बरोबर होतं.

अव्वाला तिथं दगडी कट्टा बांधायचा होता. तिनं विषय काढला की अण्णा म्हणायचा, बांधू की, जरा थांब. पावसाळा झाल्यावर, सिमेंट उतरल्यावर, दिवाळी झाल्यावर. मी एकदा त्याला दुकानात चार माणसांसमोर ऐकवलं की बापाच्या दगडाला हात आखडतोस. तो पोत्यातल्या ज्वारीत हात घालून तसाच बसून राहिला.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अण्णानंच काढलं की अव्वाला हैदराबाद दाखवू. माझी बायको लेकीच्या परीक्षेसाठी मागं राहिली. अण्णाची गाडी, अण्णा चालवायला, शेजारी मी, मागं अव्वा आणि वैनी, आणि त्या दोघींच्या मध्ये कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दह्याचा डबा. नळदुर्ग गेलं, उमरगा गेलं, अव्वा मध्ये मध्ये आप्पांची नक्कल करत होती. म्हणाली, आज तूर चांगली गेली म्हणायची. वैनी हसून हसून डोळं पुसत होती.

म्युझियमबाहेर जत्रा होती. सुट्टीचा दिवस, शाळांच्या सहली, बुरख्यातल्या बायका, कडेवरची पोरं, तिकिटाची रांग पार रस्त्यापर्यंत. आत शिरताना पुरुषांची ओळ वेगळी आणि बायकांची वेगळी. बायकांना पडद्याआड नेऊन तपासत होते. आमच्या ओळीला एक लोखंडी चौकट, तिच्यामागं एक पहारेकरी, आणि बाजूला प्लास्टिकचा ट्रे, ज्यात किल्ल्या, पाकिटं, बेल्ट टाकायचे.

अण्णा माझ्या पुढं होता. चौकटीआधी पहारेकऱ्यानं हातातलं यंत्र त्याच्या छातीवरून फिरवलं आणि ते वाजलं.

"चच्चा, गले में क्या है सो निकालो. ट्रे में डालो."

अण्णा म्हणाला, "भगवान है भई. नीचे नई रखते."

"मैं नीचे कां बोला? ट्रे में बोला. उधर से ले लेव."

मागून लोक ढकलत होते. कुणीतरी तेलुगूत ओरडलं. ट्रेमध्ये वर कुणाचा तरी चामड्याचा पट्टा पडलेला. अण्णानं तो पट्टा बघितला, शर्टात हात घातला, दोरा डोक्यावरून काढला आणि मागं वळून सगळं माझ्या हातात दिलं. "धर," म्हणाला.

चामड्यावर लिंग ठेवायचं नाही, एवढी एकच गोष्ट त्याच्या डोक्यात होती. ट्रेमध्ये टाकलं असतं तर मला काही म्हणजे काही कळलं नसतं. तो तसं करू शकला नाही. तो वळला तेव्हा त्याचा चेहरा नेहमीचा होता, आणि माझ्या हातावर वजन पडल्यावर तो बदलला. मग पहारेकऱ्यानं त्याला खांद्याला धरून चौकटीतून पुढं काढलं.

माझ्या तळव्यावर दोन करडग्या होत्या. एक अण्णाची, आणि दुसरीच्या बाजूचा मणी तुटलेला, तिथं सराफानं पितळेचा डाग दिलेला. तो डाग मी लहानपणापासून बघत आलो होतो. आप्पांच्या मांडीवर बसलं की तो बरोबर डोळ्यांसमोर यायचा.

पहारेकऱ्यानं माझ्या हातावरून यंत्र फिरवलं. ते किंचाळलं. त्यानं वाकून बघितलं आणि म्हणाला, जाव. अण्णालाही त्यानं असंच जाऊ दिलं असतं.

चौकटीपलीकडं अण्णा हात पुढं करून उभा होता. "दे," म्हणाला. मी दोऱ्याची गाठ सोडली, त्याची करडगी दोऱ्यासकट त्याला दिली आणि आप्पांची पँटच्या खिशात घातली. लिंग कमरेखाली जाऊ देत नाहीत. हे मला पाठ होतं. तरी घातली. अण्णाची नजर माझ्या खिशावर गेली आणि त्याचा हात तसाच पुढं राहिला.

तेवढ्यात अव्वा पडद्याआडून बाहेर आली, खूश. तिथल्या बाईनं चटणीची पुडी हुंगून बघितली, म्हणाली. दोनदा हुंगली. "मी म्हणलं, खाऊन बघ की, तर नको म्हणाली बिचारी." वैनीनं आधी अण्णाकडं बघितलं आणि मग माझ्याकडं, आणि तिचं हसू जागेवर थांबलं. तेव्हा मला समजलं की वैनीला माहीत आहे. माहीत असणारच. रोज सकाळी नवरा दोन लिंगांची पूजा करतो हे कोणत्या बाईला दिसत नाही? पेठेतल्या घरात हे सगळ्यांना माहीत होतं. अव्वा तिथं होती तोवर तो तिच्या नजरेआड करत असणार, आणि पुढं मी आणि अव्वा वेगळ्या घरात राहत होतो म्हणून आम्हाला माहीत नव्हतं. आणि अव्वाला वेगळ्या घरात मी नेलं होतं.

आत काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. दालनामागून दालन. लोक एकमेकांना ढकलत काचांपर्यंत पोचत होते, मोबाईल डोक्यावर धरत होते, आणि फोटो निघाला की काचेकडं न बघताच पुढं सरकत होते. तलवारी, गालिचे, अत्तराच्या बाटल्या. अव्वा मात्र एकेका वस्तूपुढं दुसऱ्याच्या घरी आल्यासारखी उभी राहत होती. चिनी मातीच्या ताटांचं एक अख्खं दालन होतं. ती म्हणाली, "एवढी ताटं, आणि जेवणारं कोणी न्हाई की." पुढं काचेत पितळेचे देव होते, ओळीनं, प्रत्येकाच्या पायाशी नंबर. तिनं काचेला हात लावला, पहारेकऱ्यानं शिट्टी मारली, तिनं हात काढला आणि मला हळूच विचारलं की ह्यांना पाणी कोण घालतं. मी म्हणालो, इथं नाही घालत. "रोज न्हाई तर न्हाई, कधी तरी?" मी म्हणालो, चल पुढं.

माझ्या खिशात ती डबी मांडीला लागत होती. शेवटी मी ती काढून शर्टाच्या खिशात ठेवली आणि त्यावर हात धरून चालत राहिलो, छातीत दुखणाऱ्या माणसासारखा.

संगमरवरी बाईच्या दालनात अव्वा आणि वैनी गर्दीत पुढं घुसल्या, तेव्हा मी अण्णाला खांबाकडं ओढलं. विचारलं, हे काय आहे. तो म्हणाला, दिसतंय की. मी विचारलं, मग हातात काय ठेवलंस त्यांच्या. इतक्यात एक तेलुगू माणूस आला, अण्णाच्या हातात मोबाईल दिला, आणि बायको-पोरांना घेऊन पुतळ्यापुढं उभा राहिला. अण्णानं फोटो काढला. एका पोराचे डोळे मिटले होते म्हणून अजून एक काढला. मोबाईल परत देऊन तो माझ्याकडं आला आणि म्हणाला, "जाळलं."

मग त्यानं सांगितलं. सलग नाही, माणसं मध्ये आली की थांबत. गुंडाळलेलं होतं, उघडू दिलं नाही. त्या माणसांची काही चूक नव्हती, तीसुद्धा घाबरलेली, त्यांना अजून बाकीच्यांचं करायचं होतं. गाडीतून विद्युतदाहिनीकडं नेलं. अण्णा बाहेर फाटकापाशी उभा राहिला. नंतर दवाखान्यानं आप्पांचं सामान पिशवीत घालून दिलं. चष्मा, कवळी, लिंग. ती पिशवी घेऊन तो घरी आला तर अव्वा आतल्या खोलीत तापात, दार लावलेलं. तिनं दाराआडून एकच विचारलं की लिंग हातात ठेवलं का.

"मी व्हय म्हणालो," अण्णा म्हणाला. "ती त्यावरच झोपली. मग बरी झाली तर म्हणायला लागली, जागा दाखव. व्हय म्हणालोय तर जागा दाखवायला लागली."

"ती माती कुणाची?"

"म्हाईत न्हाई."

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. हे विचारताना माझा आवाज चढला आणि दोन-तीन लोक वळून बघायला लागले. अण्णा खाली बघून हळू बोलला.

"तुला सांगून काय करायचं हुतं? तू तिला घेऊन दर अमावस्येला जायचास. तुला बरं वाटत हुतं. मी म्हणलं, वाटू दे."

आजही हे वाक्य आठवलं की माझे कान तापतात. मारलं असतं तरी एवढं लागलं नसतं. आप्पांना जाळलं हे ऐकून मला दुःख झालं असं लिहिणं सोपं आहे, पण त्या क्षणी ते झालं नाही. मला फसवल्यासारखं वाटलं, मला स्वतःला. इतक्या अमावस्या मी हेल्मेट काढून, लांब उभं राहून, मनातल्या मनात ज्या माणसाची माफी मागत होतो तो तिथं नव्हताच. आणि अण्णाला हे माहीत होतं. दुकानाच्या गादीवर बसून तो दर अमावस्येला आम्हाला समोरच्या रस्त्यानं जाताना बघत होता. रडणाऱ्या पोराच्या हातात काहीतरी द्यावं तशी त्यानं ती माती माझ्या हातात दिली होती. मी दुकानात चार माणसांत त्याला बोललो, तेव्हाही त्यानं ती काढून घेतली नाही. तेव्हा भांडला असता, खरं ओरडला असता, तर मी त्याला माफ केलं असतं. त्याच्या गप्प बसण्यात दया होती, आणि ती मला सहन होईना.

घड्याळाचं दालन म्हणजे मोठा चौक. समोर उंचावर ते घड्याळ आणि खाली बाकांवर, जमिनीवर, कठड्यांवर माणसंच माणसं. तास भरत आला होता. वैनीनं अव्वासाठी पुढच्या बाकावर जागा धरली होती. अव्वा दोन अनोळखी बायकांच्या मध्ये बसून त्यांना मराठीत सांगत होती की आता आतून एक माणूस येणार, आमच्या मालकांनी बघितलाय. त्यांना मराठी येत नव्हतं, त्या माना हलवत होत्या. मी आणि अण्णा मागं उभे.

टोल पडायला लागले तेव्हा सगळ्या चौकानं एकदम हात वर केले. मोबाईलच मोबाईल. मला मागून फक्त लोकांच्या पडद्यांवर एक इवलासा माणूस हलताना दिसला, प्रत्येक पडद्यावर एक. अव्वा उठून उभी राहिली, चवड्यांवर उंच झाली, इकडून बघितलं, तिकडून बघितलं. तिच्या पुढं एका उंच पोरानं टॅब धरला होता. ती वाकली, तोवर टोल संपले आणि लोक टाळ्या वाजवून उठले.

"दिसला का?" मी जवळ जाऊन विचारलं.

"दार लावताना दिसला जरासा," ती म्हणाली. "असू दे. आवाज तरी आला."

तिच्या शेजारी जागा झाली होती. मी बसलो. आता हे लिहायचं म्हणून बसलोय तर नीट लिहितो. त्या क्षणी मला अव्वाला सत्य कळावं असं काही वाटत नव्हतं. तिनं अण्णाकडं वाईट नजरेनं बघावं, असं वाटत होतं. एकदा तरी. पुण्याहून आल्यावर तिनं माझ्याकडं बघितलं होतं तसं. मी शर्टाच्या खिशातून करडगी काढून तिच्या तळव्यावर ठेवली आणि म्हणालो, "हे अण्णाच्या गळ्यात हुतं."

तिनं बघितलं. त्या पितळेच्या डागावरून एकदा अंगठा फिरवला. मग मुठीत घेतलं आणि मूठ छातीशी धरली. अण्णा पुढ्यात येऊन उभा राहिला होता. अव्वा मनातलं बोलायला लागली की कानडीत जाते. तिनं त्याला विचारलं, "मण्ण माडलिल्लेन?" माती दिली न्हाईस का?

"इल्ला, अव्वा."

नाही. एवढंच. तिनं पुढं काही विचारलं नाही, म्हणजे तिला कळलं. माणसं आमच्या बाजूनं बाहेर चालली होती, पोरं घड्याळाची नक्कल करत होती. वैनी पाण्याची बाटली घेऊन उभी होती, ती कुणाला द्यावी ते तिला कळत नव्हतं. मग अव्वानं मराठीत विचारलं, "मग मी तितं कुणाला बेल घातला?"

तिनं मूठ उघडून आत बघितलं.

"ह्याला पाणी कोणी घातलं? इतकी वर्षं?"

अण्णा म्हणाला, मी. तिनं विचारलं, रोज? तो म्हणाला, रोज. आजारी होतास तेव्हा? तेव्हाही. मग ती त्याला खाली बस म्हणाली. तो तिच्यापुढं जमिनीवर बसला, पन्नाशी ओलांडलेला माणूस, त्या चौकात. तिनं त्याच्या शर्टातून दोरा बाहेर काढला, गाठ सोडली, आप्पांची करडगी त्यात ओवली आणि गाठ मारली. पहिली गाठ सैल बसली म्हणून ती दोनदा मारायला लागली. मग दोरा शर्टाच्या आत सोडला आणि वरचं बटण लावलं.

मी शेजारी बसलो होतो. मला वाटत होतं की आता ती माझ्याकडं वळेल आणि माझा हात धरेल. कारण आम्ही दोघंच फसलो होतो, ती आणि मी. ती वळली खरी.

"तुला कधी कळलं?"

"आत येताना. दारात."

"मग घरी जाईपर्यंत दम न्हवता तुला?" ती म्हणाली. "हितं सांगितलंस. एवढ्या माणसांत."

तिनं आवाज चढवला नाही. पदर सारखा केला, वैनीच्या हातातली बाटली घेतली, दोन घोट प्याली आणि उरलेलं म्युझियम न बघताच निघाली. वर अजून मजले होते. येताना गाडीत ती अण्णाच्या मागच्या सीटवर बसली. उमरग्याच्या अलीकडं थांबून भाकरी सोडली तेव्हा तिनं तिघांना वाढलं, मलाही वाढलं, चटणी जरा जास्तच घातली. माझ्याशी बोलली नाही असंही नाही. दही घे म्हणाली.

सोलापूरला पोचल्यावर ती म्हणाली, मी चार दिवस पेठेत राहते. मी तिची औषधं नेऊन दिली. मग स्वेटर, मग चष्म्याची दुसरी जोडी. मग एका दुपारी वैनी रिक्षा घेऊन आली आणि बाकीचे कपडे घेऊन गेली. बायकोनं विचारलं, काय झालं. मी सांगितलं, अव्वाला तिकडं करमतं. पुढच्या अमावस्येला सकाळी मी सवयीनं स्कूटर काढून अण्णाच्या दारात जाऊन उभा राहिलो. अव्वा ओट्यावर बेल निवडत होती. मी म्हणालो, जाऊ या का. तिनं वर बघितलं आणि विचारलं, "कुठं?"

त्यानंतर मी पेठेत कारण असल्याशिवाय जात नाही. अण्णानं मला फसवलं असं मला अजून वाटतं. त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हा प्रश्न माझी बायको मला विचारते. मी त्याच्या जागी नव्हतो, हेच तर सगळं आहे, आणि ते ती जाणूनच विचारते. तरीही फसवलं असं वाटतं. अव्वानंही. बेल तिनं माझ्याबरोबर वाहिला, उन्हात बसली माझ्याबरोबर, आणि शेवटी जवळ केलं ते खोटं बोलणाऱ्याला. हे मी कुणापाशी बोललो नव्हतो. बोलायला तोंड नव्हतं.

परवा सकाळी तिच्या गोळ्या संपल्या म्हणून नेऊन द्यायला गेलो. दार उघडं होतं. देवघरात अण्णा ओलेत्यानं बसलेला, डाव्या तळव्यावर दोन्ही लिंगं शेजारी शेजारी. अव्वा त्याच्या बाजूला बसून तांब्यातून धार धरत होती आणि वैनी चंदन उगाळत होती. त्याच्या मनगटावरून पाणी ताम्हणात पडत होतं. अव्वा हळू आवाजात आप्पांना काहीतरी सांगत होती, माझ्या लेकीच्या निकालाचं असावं. मी उंबऱ्यापाशी उभा राहिलो. चप्पल पायातच होती.

अण्णानं मान वळवली. "ये की. बस," म्हणाला.

अव्वानं धार थांबवली आणि वाट बघितली.

मी गोळ्या दाराजवळच्या कोनाड्यात ठेवल्या आणि म्हणालो, बसलो असतो, पण बँकेत उशीर होतोय. अव्वा बरं म्हणाली आणि परत पाणी घालायला लागली. त्या दिवशी रविवार होता, आणि ते तिघांनाही माहीत होतं.